धर्माच्या अभ्यासाला विद्यापीठात जागा कोठे?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातील एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. तिच्या गावच्या ग्रामदैवताच्या यात्रेचा हिशेब तिच्या आजोबांनी पंचवीस-तीस वर्षे एका वहीत लिहून ठेवला होता. घरटी वर्गणी किती जमली, छबिन्याच्या दिवट्यांना तेल किती लागले, कुस्त्यांच्या बक्षिसांवर काय खर्च झाला, तमाशाची सुपारी कितीला ठरली, अशा नोंदी ओळीने होत्या. त्या यात्रेचे अर्थशास्त्र लिहावे असे तिच्या मनात होते. मी वही चाळली. प्रत्येक वर्षाच्या पानावर एक नोंद न चुकता आढळत होती : ‘मुलाण्याचा मान’. तिच्यापुढे नारळ, धान्य आणि बोकडाचा ठरलेला वाटा.

“सर, हे कशात धरायचे?” तिने विचारले. “मजुरी म्हणावी, तर गावात तसे कोणी म्हणत नाही. दान म्हणावे, तर मुलाणी ते हक्काने मागून नेतो. आणि देव आमचा असताना मान मुसलमानाच्या घराचा का, हेही मला नीट सांगता येत नाही.”

मलाही ते सांगता येत नव्हते. परंतु माझे अज्ञान कबूल करण्याऐवजी मी तिला सांगितले, “हा विषय अर्थशास्त्रात बसत नाही. तू समाजशास्त्र विभागात विचारून पाहा.” समाजशास्त्राने तिला लोकसाहित्य म्हणून मराठीकडे पाठवले, मराठीने जुनी कागदपत्रे म्हणून इतिहासाकडे. इतिहास विभागाला वहीचा काळ फारच अलीकडचा वाटला. अखेर तिने माझ्याच मार्गदर्शनाखाली पीककर्जाच्या वाटपावर चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला. त्याला गुण चांगले मिळाले. त्याच विषयावर त्या वर्षी आणखी चौघांनी लिहिले होते.

पुढे काही वर्षांनी गुंथर सोंथायमर यांचा ग्रंथ माझ्या वाचनात आला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा हा त्याचा विषय. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या या विद्वानाने धनगरांच्या वाड्यांवर हिंडून, ओव्या ऐकून आणि यात्रांत वावरून तो लिहिला. १९७६ मध्ये तो जर्मन भाषेत आणि १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. देवाचे स्थलांतर, मेंढरांचे मार्ग, चराईची कुरणे आणि मानकऱ्यांचे हक्क या साऱ्यांचा परस्परसंबंध त्यात तपासलेला आहे. तो वाचताना मला त्या मुलीची वही आठवली. आपण परत पाठवलेला विषय परदेशातील एका विद्यापीठात आयुष्यभराच्या अभ्यासाला पुरेसा ठरला होता, ही जाणीव सुखद नव्हती. त्या जाणिवेतूनच प्रस्तुत लेखाचा प्रश्न निघाला आहे. ज्या समाजात धर्म पहाटेच्या काकड्यापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सर्वत्र आहे, त्या समाजाच्या विद्यापीठांत त्याच्या अभ्यासाची खोली का नसावी?

लंडनचा नमुना

याचे पहिले उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डला प्रवेश घेणाऱ्या तरुणाला इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांना लेखी मान्यता द्यावी लागे. त्यामुळे इतर पंथांच्या ख्रिस्ती माणसालाही तेथे दार बंद होते. या बंधनाला कंटाळलेल्या मंडळींनी १८२६ मध्ये लंडनला जी संस्था काढली तिने ईश्वरशास्त्र, म्हणजे थिऑलॉजी, हा विषयच ठेवला नाही. पंथोपपंथांच्या भांडणातून सुटण्याचा तो सोपा मार्ग होता. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ निरनिराळ्या मतांच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे विद्यापीठ होते.

हाच नमुना १८५४ च्या वूडच्या खलित्याने हिंदुस्थानासाठी निवडला. पदवी परीक्षांत धार्मिक श्रद्धेशी संबंधित विषय असणार नाहीत, असे त्या खलित्यात स्पष्टपणे नमूद केले होते. त्याप्रमाणे १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे निघाली. परक्या राज्यकर्त्यांनी प्रजेच्या धर्मात हात घालू नये, या धोरणाशी ते सुसंगतच होते. त्या काळी तो निर्णय शहाणपणाचा होता, असेही म्हणता येईल. तथापि, राज्यकर्ते गेले तरी त्यांनी सावधपणापोटी रिकामी ठेवलेली खोली आपण आजवर बहुधा रिकामीच ठेवली.

अर्थात, धर्माचा अभ्यास त्यामुळे थांबला नाही. तो विद्यापीठाबाहेर गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. ते वकिलीचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केली. धर्मकोशाचे काम वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ लिहिणारे रा. चिं. ढेरे स्वतंत्र संशोधक होते. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आले, ते अमेरिकेतील एका विद्यापीठात धर्म-अध्ययनाच्या प्राध्यापक असलेल्या ॲन फेल्डहाउस यांच्या हातून. दुसरीकडे, ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचे उच्च शिक्षण पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या धर्मसंस्थांत चालते. मुसलमानांचे धर्मशिक्षण मदरशांत होते. वेदपाठशाळा आपल्या जागी आहेत, बौद्ध विहार आपल्या जागी.

या प्रत्येक घराचे काम आदरणीय आहे. परंतु ही सारी स्वतंत्र घरे आहेत. मदरशात शेजारचा मराठा विद्यार्थी जाणार नाही, वेदपाठशाळेत मुलाण्याचा मुलगा जाणार नाही. प्रत्येकाला स्वतःचा धर्म घरातून कळतो, आणि शेजाऱ्याचा? तो बहुतेकांना ऐकीव गोष्टींतून, आणि अलीकडे हातातल्या मोबाईलवर येऊन पडणाऱ्या निरोपांतून कळतो. स्वतःच्या धर्माबरोबर दुसऱ्याचा धर्म पुरावे समोर ठेवून समजून घ्यावा, अशी सर्वांना खुली असलेली जागा विद्यापीठाखेरीज दुसरी कोणती आहे?

संविधान आड येते काय?

आपल्याकडे या सूचनेला पहिला आक्षेप संविधानाच्या नावाने घेतला जातो. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे योग्यच आहे. परंतु एखाद्या धर्माचे शिक्षण देणे आणि धर्मांविषयी शिक्षण देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात श्रद्धा रुजवण्याचा हेतू असतो, दुसऱ्यात समजून घेण्याचा. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने हा भेद मांडला होता. त्यापूर्वी, १९४८-४९ मध्ये, राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांना धर्मसंस्थापकांची चरित्रे, निरनिराळ्या धर्मग्रंथांतील वेचे आणि धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न क्रमाने शिकवावेत असे सुचवले होते.

न्यायालयांचे मतही वेगळे नाही. गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात म्हटले. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निर्णय देताना तोच भेद न्यायालयाने पुन्हा मान्य केला. अमेरिकेत १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच निकालात धर्माचा तटस्थ अभ्यास मात्र घटनेला मान्य असल्याचे सांगितले. तेथील सरकारी विद्यापीठांत धर्म-अध्ययनाचे विभाग वाढले ते त्यानंतरच. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाने १९६७ मध्ये निनियन स्मार्ट यांच्याकडे असा विभाग सोपवला. आपल्याकडेही पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात त्याच सुमारास धर्म-अध्ययनाचा विभाग निघाला. म्हणजे वाट नव्हती असे नाही. त्या वाटेने जाणारे थोडे होते.

जमखंडीहून ऑक्सफर्डला

या वाटेने गेलेल्या एका मराठी माणसाचे उदाहरण आपल्या समोर असताना आपण ते विसरतो, याचे मला नवल वाटते. जमखंडीच्या वारकरी घरात वाढलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. युनिटेरियन पंथीयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. हे महाविद्यालय त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठाचा भाग नव्हते. परंतु विशिष्ट मताचा स्वीकार ही तेथे अभ्यासाची अट नव्हती. पाली त्रिपिटकाचे एक संपादक एस्टलिन कार्पेंटर तेथे तौलनिक धर्म शिकवीत. दोन वर्षे हा अभ्यास करून, १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला हजर राहून शिंदे परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आला.

शिंद्यांची करुणा ऑक्सफर्डने दिली असे कोणी म्हणणार नाही. ती घरच्या संस्कारातली आणि त्यांची स्वतःची होती. परंतु अस्पृश्यता हा धर्म नसून तिला इतिहास आहे, ती केव्हातरी सुरू झाली आणि म्हणून संपवता येते, हे दाखवायला जी शिस्त लागते ती तौलनिक अभ्यासाची शिस्त आहे. स्वतःच्या धर्मावर प्रेम करणारा माणूस त्याच्याकडे बाहेरूनही पाहू शकतो, हे त्यांच्या जीवनातून दिसते. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्रातील उच्च पदव्या मिळवलेल्या डॉ. आंबेडकरांनीही आयुष्याची अखेरची वर्षे बुद्ध आणि त्याचा धम्म यांवरील ग्रंथाला दिली. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाला धर्माचा प्रश्न अर्थशास्त्राबाहेरचा वाटला नाही. मला मात्र तो वाटला होता.

वस्तुतः आमच्या शास्त्राच्या मूळपुरुषालाही तो तसा वाटला नव्हता. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात धर्मोपदेशकांच्या उत्पन्नाची आणि पंथांमधील स्पर्धेची चिकित्सा केली आहे. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट आचार आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध जोडला. तो बरोबर की चूक यावर आजही वाद चालू आहे.

कोणी शिकवायचे?

येथे खरी अडचण समोर येते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात बनारस हिंदू विद्यापीठाच्या संस्कृत विद्या धर्म विज्ञान विद्याशाखेत एका मुसलमान संस्कृत पंडिताची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. काही विद्यार्थ्यांनी धरणे धरले. त्यांचे म्हणणे असे की, ही विद्याशाखा केवळ भाषा शिकवीत नाही. येथे धर्माचे आचार शिकवले जातात आणि ते त्या धर्माच्या माणसानेच शिकवावेत. नेमणूक नियमानुसार झाल्याचे विद्यापीठाने सांगितले. तरीही डिसेंबरात ते अध्यापक तेथून बाहेर पडून कला विद्याशाखेच्या संस्कृत विभागात गेले.

त्या विद्यार्थ्यांचा निषेध करणे सोपे आहे. परंतु त्यांच्या प्रश्नात एक तथ्य आहे. पौरोहित्य शिकवायचे असेल तर पुरोहित हवा, इमाम घडवायचा असेल तर आलिम हवा; ईश्वरशास्त्राच्या जगभरातील संस्थांचा हाच नियम आहे. मात्र जेथे धर्म श्रद्धेने आचरण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी शिकवला जातो, तेथे अध्यापकाचा धर्म विचारण्याचे कारण उरत नाही. मार्क्सवाद शिकवणाऱ्याने मार्क्सवादी असावे अशी अट आमच्या विभागात कोणी घालत नाही. आपल्याकडे या दोन खोल्यांच्या मधली भिंतच बांधली गेली नाही, म्हणून त्या अध्यापकांना दाराशी अडवले गेले.

दुसरी शंका भावना दुखावण्याची. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. एका परदेशी धर्म-अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील आक्षेपार्ह मजकूर हे त्याचे निमित्त होते. पुस्तकावर पुण्यातील विद्वानांनी लेखी आक्षेप आधीच घेतला होता. मतभेदाची ती रीत होती. परंतु ग्रंथालयाची नासधूस करणाऱ्यांना, आणि बघ्यांपैकी अनेकांना, त्या रीतीची ओळखच नव्हती. ती ओळख वर्गात करून द्यायची नाही, तर कोठे? आपल्या धर्माविषयीचे अप्रिय विधान ऐकून घेणे आणि त्याला पुराव्याने उत्तर देणे, ही गोष्ट तरुणपणी शिकली नाही तर नंतर कोणी शिकत नाही.

तिसरी शंका पोटाची. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून ती मला झटकून टाकता येत नाही. धर्माचा अभ्यास करून नोकरी कोणती मिळणार? इंग्लंडात २०१२ मध्ये शुल्काची मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांवर गेली. ब्रिटिश अकॅडमीच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे २०११-१२ ते २०१७-१८ या काळात तेथील उच्च शिक्षणातले ईश्वरशास्त्र व धर्म-अध्ययनाचे विद्यार्थी सुमारे साडेसहा हजारांनी घटले. १६१४ मध्ये स्थापन झालेले हीथ्रॉप कॉलेज २०१९ मध्ये बंद झाले. कर्ज काढून शिकणारा विद्यार्थी असा विषय टाळणार, हे उघड आहे. आपल्या शेतकरी घरातल्या मुलाला ‘तू धर्म-अध्ययनाची पदवी घे’ असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

एक प्रश्नपत्रिका पुरे

म्हणूनच माझी सूचना लहान आहे. नवी इमारत नको, नवा विभागही तूर्त नको. अमुक संताच्या नावाने एक अध्यासन आणि तमुक पंथाच्या नावाने दुसरे, अशी वाटणी तर मुळीच नको. तिच्यातून प्रत्येकाला आपापले घर मिळते आणि शेजाऱ्याची ओळख होत नाही. २०२२ मध्ये बनारसला हिंदू अध्ययनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पाली व बौद्ध अध्ययनाचे विभाग कित्येक ठिकाणी आहेत. हे अवश्य असावे. परंतु एकेका धर्माची अशी वेगळी खाती कितीही वाढली तरी त्यांची बेरीज म्हणजे धर्मांचा अभ्यास होत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे विषय निवडण्याची मुभा दिली आहे. त्या सवलतीचा उपयोग करून कोणत्याही शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला घेता येईल अशी धर्म-अध्ययनाची एक प्रश्नपत्रिका ठेवावी. तिला तीन अटी असाव्यात. कोणत्याही विद्यार्थ्याने केवळ स्वतःच्या धर्मावर उत्तरे लिहू नयेत; दुसऱ्या एका धर्माचा अभ्यास सक्तीचा असावा. ग्रंथांबरोबर प्रत्यक्ष पाहणी असावी. यात्रा, उरूस, नाताळ, धम्मचक्र प्रवर्तन दिन, यांपैकी जे आपले नाही तेथे जाऊन, विचारून, लिहून आणावे. आणि परीक्षकाने गुण श्रद्धेला किंवा अश्रद्धेला न देता पुराव्याला द्यावेत. अशी प्रश्नपत्रिका घेणारा मुलगा पुढे बँकेत जाईल, पोलिसात जाईल, शाळेत शिकवील किंवा ग्रामपंचायतीत निवडून येईल. गावात दोन मिरवणुका एकाच दिवशी आल्या, तर त्याला हा अभ्यास उपयोगी पडेल. या विषयाचे मोल पगाराच्या आकड्यात दिसणार नाही, पण दंगलीच्या पंचनाम्यात त्याचा अभाव स्पष्ट दिसतो.

ती विद्यार्थिनी आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी भेट झाली, तेव्हा मी वहीची चौकशी केली. वही तिच्या माहेरी आहे. आजोबांनंतर चुलते नोंदी करतात. “आणि मुलाण्याचा मान?” मी विचारले. ती म्हणाली, “सर, त्या घरातली मुले पुण्याला कामाला गेली. म्हातारा होता तोवर येऊन घेऊन जायचा. आता दोन वर्षे ती ओळ कोरी आहे. काही लोक म्हणतात, बरे झाले. काही म्हणतात, मान त्यांच्या घरी नेऊन पोचवला पाहिजे. पण तो मान मुळात का होता, हे दोन्हीकडच्यांपैकी कोणालाच सांगता येत नाही.”

पंधरा वर्षांपूर्वी मी तिला तो विषय करू दिला असता, तर म्हातारा मुलाणी तेव्हा हयात होता. त्याला विचारता आले असते.